एकशे एक दिवसांनंतर : गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखनाचे दोन पुनरारंभ

१

गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्राची मांडणी करताना सामान्यतः तीन टप्पे कल्पिले जातात. टेंभू ते डेक्कन कॉलेज हा विद्यार्थिदशेचा टप्पा, 'केसरी'च्या संपादकपदाचा दुसरा आणि 'सुधारक'चा तिसरा. ही मांडणी अध्यापनाच्या दृष्टीने सोयीची आहे आणि ती चुकीचीही म्हणता येणार नाही. तथापि तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. १८८१ पासून १८९५ पर्यंत आगरकरांचे नियतकालिक लेखन अखंड चालू होते, असा समज या मांडणीतून निर्माण होतो. वस्तुतः त्यात दोन वेळा खंड पडला. पहिला खंड जुलै ते ऑक्टोबर १८८२ या काळातील होय. तो न्यायालयाच्या निकालाने पडला आणि एकशे एक दिवस टिकला. दुसरा खंड ऑक्टोबर १८८७ ते ऑक्टोबर १८८८ या काळातील. तो आगरकरांनी स्वतः ओढवून घेतला आणि जवळजवळ एक वर्ष टिकला.

या दोन्ही खंडांच्या काळात आगरकरांची लेखणी थांबली नव्हती, हे विशेष आहे. थांबले ते आठवड्याच्या आठवड्याला करावयाचे लेखन. पहिल्या खंडातून एक स्मरणलेखन आणि एक नाट्यानुवाद निष्पन्न झाला, तर दुसऱ्या खंडाच्या वर्षात व्याकरणविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक खंडानंतर आगरकर नियमित लेखनाकडे परतले, आणि परतलेला लेखक आधीच्या लेखकाहून काहीसा वेगळा होता. हा वेगळेपणा कोणत्या स्वरूपाचा होता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आगरकरांच्या जीवनक्रमातील १८८२ हे वर्ष केंद्रस्थानी ठेवले आहे.

२

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत ओढग्रस्तीची होती. प्राथमिक शिक्षण कऱ्हाडला झाले, पण पुढच्या शिक्षणाची सोय नसल्याने लहान वयातच कचेरीत कारकुनी करण्याची वेळ आली. शिक्षणाच्या आशेने ते पायी रत्नागिरीला गेले. तेथे जम बसला नाही म्हणून परतले. काही काळ दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शेवटी अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ मध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. अकोल्याच्या शाळेतील विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचे साहाय्य या टप्प्यावर मोलाचे ठरले.

डेक्कन कॉलेजातील दिवसांविषयीच्या आठवणी सर्वश्रुत आहेत. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. चरित्रदृष्ट्या या कथेहून महत्त्वाचे आहे ते त्या काळात आईला लिहिलेले पत्र. मोठ्या परीक्षा देणाऱ्या मुलाला आता मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, अशी आशा आईने धरणे स्वाभाविक होते. पोटापुरत्या प्राप्तीवर संतुष्ट राहून सारा वेळ लोकहितासाठी खर्च करण्याचा आपला निश्चय आगरकरांनी तिला त्या पत्रातून कळविला. अशा निश्चयाची किंमत त्या घराला केवढी पडणार होती, याची जाणीव लिहिणाऱ्याला नसेल असे मानता येत नाही.

याच कॉलेजात १८७९ च्या सुमारास बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला. दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यात जन्मलेले. वयात अवघ्या नऊ दिवसांचे अंतर. सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्याला वाहून घेण्याची कल्पना दोघांनी मिळून पक्की केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम.ए. झाल्यावर १८८१ च्या आरंभी आगरकर त्या शाळेत दाखल झाले. त्याच सुमारास, २ जानेवारीला इंग्रजी 'मराठा' आणि ४ जानेवारीला मराठी 'केसरी' निघाला. 'मराठा'ची जबाबदारी टिळकांकडे आणि 'केसरी'ची आगरकरांकडे आली.

चिपळूणकरांनी १८७४ पासून चालविलेल्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला आत्मविश्वास दिला होता. 'केसरी' हे त्या आत्मविश्वासाचेच साप्ताहिक रूप होते. मासिकातील निबंधाला विस्ताराची मुभा असते. साप्ताहिकाला ती नसते. मंगळवार उजाडला की अंक निघालाच पाहिजे, आणि दिवसभर वर्गात शिकवून उरलेल्या वेळात तो लिहून झाला पाहिजे. या शिस्तीत आगरकरांच्या गद्याची घडण होऊ लागली. त्या वेळी लेखांखाली लेखकाचे नाव नसे. लेख कोणाचाही असो, तो 'केसरी'चा असे. संपादकीय 'आम्ही' मागे चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे अशी सारी मंडळी उभी होती. या सामुदायिक 'आम्ही'चे बळ मोठे होते. त्याचा धोका पहिल्याच वर्षात प्रत्ययास आला.

३

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे त्या वेळी अल्पवयीन होते. त्यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांच्यावर निर्बंध घातले गेले होते. हे वेड खरे नसून त्यांचा छळ होत आहे, आणि त्याला संस्थानचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे जबाबदार आहेत, अशी भावना महाराष्ट्रात सर्वत्र पसरली होती. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी हा प्रश्न हाती घेतला. बर्व्यांवर ठपका ठेवणारी काही पत्रे त्यांच्याकडे आली आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांतून मजकूर प्रसिद्ध झाला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

मुंबईत चाललेल्या या खटल्यात ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, परंतु तिचा उपयोग झाला नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी चिपळूणकरांचे निधन झाले. ज्या मंडळींच्या भोवती हे कार्य उभे राहिले होते त्यांचा आधारस्तंभच ऐन संकटात गेला. जामिनाच्या प्रसंगी जोतीराव फुले यांनी रामशेठ बापूशेठ उरवणे यांच्यामार्फत दहा हजार रुपयांची तजवीज केली, ही घटना येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. 'निबंधमाले'तून फुल्यांवर झालेली टीका ताजी असताना त्यांनी हे साहाय्य केले होते.

जुलै १८८२ च्या मध्यास टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिने साध्या कैदेची शिक्षा झाली. आगरकरांना नुकतेच सव्विसावे वर्ष पूर्ण झाले होते. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तुरुंगातच गेला.

या खटल्याचे वर्णन करताना आपल्या चरित्रग्रंथांतून दोन सूर आढळतात. एक गौरवाचा आणि दुसरा सारवासारवीचा. दोन्ही सुरांत मुख्य प्रश्न बाजूला राहतो. छत्रपतींविषयीची शंका अगदीच निराधार नव्हती. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला, तेव्हा महाराष्ट्राला आपल्या शंकेची भीषण पुष्टी मिळाल्यासारखे वाटले. परंतु शंका साधार असणे आणि पुरावा खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'केसरी'ने खऱ्या कळवळ्याने खोटा पुरावा छापला होता. ज्याच्यावर आरोप केला तो माणूस लोकांना अप्रिय होता, एवढ्याने आरोप सिद्ध होत नव्हता. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांत मुरलेल्या आगरकरांसारख्या लेखकाला ही गोष्ट किती लागली असेल, याची कल्पना त्यांच्या पुढील लेखनावरून करता येते.

४

मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगात दोघांना ठेवण्यात आले. कोठडी लहान, अन्न निकृष्ट. दोघांचीही प्रकृती खालावली. काही काळाने वाचनलेखनाची मोकळीक मिळाली, आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, शिक्षेत काही दिवसांची सूट मिळून, दोघांची सुटका झाली. स्वागताला मोठा जनसमुदाय लोटला होता. आरोपी म्हणून आत गेलेले दोन शिक्षक लोकनायक म्हणून बाहेर आले.

सुटकेनंतर आगरकरांनी या दिवसांची हकीकत लिहिली. 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' या नावाने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वाङ्मयेतिहासात या पुस्तकाचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. टिळकचरित्राचे एक साधन, किंवा आगरकरांच्या वैचारिक निबंधांपूर्वीचे एक किरकोळ लेखन, अशी त्याची नोंद होते. हा न्याय योग्य वाटत नाही.

१८८२ साली मराठीत स्वतःविषयी लिहिण्याची रीत रुळलेली नव्हती. दादोबा पांडुरंगांनी आत्मचरित्र लिहिले होते, पण ते अप्रकाशित होते. अ. का. प्रियोळकरांच्या संपादनातून ते १९४७ साली प्रकाशात आले. अशा स्थितीत नुकत्याच भोगलेल्या शिक्षेचा वृत्तांत छापून लोकांपुढे ठेवणे हे धाडस होते. या वृत्तांताचा स्वर हौतात्म्याचा नाही, हे अधिक लक्षणीय आहे. कोठडीतल्या गैरसोयी, खाण्यापिण्याचे हाल, तुरुंगातील माणसे आणि नियम यांचे वर्णन आगरकर बारकाईने आणि पुष्कळदा विनोदाने करतात. स्वतःच्या फजितीकडे हसून पाहण्याची वृत्ती त्यांच्या ठिकाणी होती. 'सुधारक'मधील उपरोधाची पूर्वतयारी येथे दिसते. फरक एवढाच की डोंगरीच्या वृत्तांतात उपरोधाचा विषय प्रामुख्याने ते स्वतः आहेत.

या पुस्तकाच्या नावातील 'आमचे' हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. वृत्तपत्रातील 'आम्ही' हा संकेताचा असतो. डोंगरीच्या वृत्तांतातील 'आम्ही' मात्र शब्दशः खरा आहे, कारण तेथे दोन माणसे एकत्र आहेत. एका कोठडीत, एका शिक्षेखाली, सव्विशीतली ही दोन माणसे रात्र रात्र वाद घालतात आणि त्यांच्या चढ्या आवाजाचा पहारेकऱ्यांना त्रास होतो, हे चित्र आगरकरांनीच आपल्याला दिले आहे. समाजसुधारणा, धर्म, शिक्षण, देशस्थिती हे या वादांचे विषय होते. मतभेद होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते. तरीही त्या वेळी मतभेद हे स्नेहाचेच एक अंग होते. पुढे पाच वर्षांनी याच मतभेदांनी दोघांना कायमचे वेगळे केले, हे ज्ञात असलेल्या वाचकाला या पुस्तकातील मोकळेपणा अस्वस्थ करतो. लिहिणाऱ्याला पुढचे काही ठाऊक नव्हते, म्हणूनच त्या मोकळेपणाला दस्तऐवजाचे मोल आहे.

तुरुंगातील दिवसांचे दुसरे फळ म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा अनुवाद. तो 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने तो रंगभूमीवर आणला आणि गणपतराव जोशी यांची त्यातील भूमिका अविस्मरणीय ठरली. या नाटकाची निवड योगायोगाची मानली तरी तिच्यातील अर्थ दुर्लक्षिता येत नाही. ज्याचे वेड खरे की भासविलेले याविषयी सारा दरबार संभ्रमात आहे अशा राजपुत्राची ही कथा. एका राजपुत्राच्या वेडाविषयी लिहिल्याबद्दल शिक्षा भोगणारा संपादक तुरुंगात तिचाच अनुवाद करीत होता. शिवाय हॅम्लेटपुढचा मूळ प्रश्न पुराव्याचा आहे. पित्याच्या पिशाचाने सांगितलेली गोष्ट खरी मानावी काय, आणि ती खरी असल्याची खात्री कशी करून घ्यावी, या विवंचनेतून त्याची सारी दिरंगाई उद्भवते. बनावट पत्रांवर विश्वास ठेवून अडचणीत आलेल्या माणसाने या नायकाची संगत धरावी, यात एक आंतरिक सुसंगती आहे असे मला वाटते.

५

सुटकेनंतर आगरकर पुन्हा 'केसरी'च्या नियमित लेखनाकडे वळले. हा त्यांचा पहिला पुनरारंभ. बाह्यतः पाहता तो यशस्वी होता. खटल्याने पत्राची लोकप्रियता वाढली. मंडळींच्या कार्यालाही विस्तार लाभला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर शाळेत, कॉलेजात आणि 'केसरी'त एकाच वेळी गुंतलेले होते.

अंतर्यामी मात्र सामुदायिक 'आम्ही'ला तडे जाऊ लागले होते. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीची टिपणे प्रसिद्ध केली आणि सामाजिक सुधारणेत सरकारी कायद्याचा आधार घ्यावा की नाही, या प्रश्नाने महाराष्ट्र ढवळून निघाला. रखमाबाईच्या खटल्याने हा वाद विकोपास नेला. संमती नसलेल्या बालपणीच्या विवाहाने बांधलेल्या स्त्रीला पतीकडे नांदण्याची सक्ती करता येईल काय, असा तो प्रश्न होता. १८८७ च्या निकालाने तिला नांदायला जा अन्यथा कैद भोग असे सांगितले. आगरकरांची सहानुभूती कोठे होती हे सांगावयास नको. मंडळींपैकी बहुतेकांचे, विशेषतः टिळकांचे, मत मात्र निराळे होते.

येथे निनावी सामुदायिक लेखनाची मर्यादा उघड झाली. संपादक आगरकर होते, पण पत्र मंडळींचे होते. बहुमताला न पटणारे लेख संपादकाने लिहावेत काय, आणि संपादकाला न पटणारे लेख त्याच्या नावावर जावेत काय, हे प्रश्न वारंवार उपस्थित होऊ लागले. तडजोडी झाल्या, त्या टिकल्या नाहीत. माझ्या मते या पेचाचे मूळ १८८२ च्या अनुभवापर्यंत मागे नेता येते. समूहाच्या विश्वासावर विसंबून छापलेल्या मजकुराची जबाबदारी शेवटी ज्याला तुरुंगात जावे लागते त्याची असते, हा धडा आगरकरांना मिळाला होता. जे आपण स्वतः पारखून घेतलेले नाही, त्याची जबाबदारी घेणे त्यांना यापुढे शक्य नव्हते. जे पारखून घेतले आहे ते न बोलणेही तितकेच अशक्य होते. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले.

६

यानंतरचे वर्ष आगरकरांच्या चरित्रात रिकामे वाटते. नियमित संपादकीय लेखनाचे साधन हाती उरले नव्हते. कॉलेजातील अध्यापन चालू होते आणि प्राप्ती बेताचीच होती. सहा-सात वर्षे दर आठवड्याला लिहिण्याची सवय झालेल्या माणसाला हे मौन किती जड गेले असेल, हे नियतकालिकासाठी लेखन करणारा कोणीही ओळखू शकेल.

याच काळात, १८८८ मध्ये, 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी व्याकरणाच्या इतिहासात या ग्रंथाचा स्वतंत्र विचार होतो. इंग्रजी पद्धतीच्या वाक्यपृथक्करणाचा मराठी वाक्याला लावलेला तो एक महत्त्वाचा प्रयोग होय. चरित्रकार मात्र त्याला शालेय गरजेतून झालेले लेखन समजून पुढे जातात. शालेय गरज होतीच, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाक्यातील उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कोणते पद कोणावर अवलंबून आहे, मुख्य विधान कोणते आणि गौण कोणते, याची छाननी करणारी बुद्धी आणि रूढीची छाननी करणारी बुद्धी एकच आहे. एखादी चाल पाळावी असे म्हणणाऱ्याला ती का पाळावी असे विचारणे, त्याच्या उत्तरातील कारण कोणते आणि केवळ पुनरुक्ती कोणती हे वेगळे करणे, हीच 'सुधारक'मधील निबंधांची रीत आहे. या अर्थाने वाक्याचे पृथक्करण ही पुढील लेखनाची सिद्धता होती.

पहिल्या खंडाने आगरकरांना पुराव्याविषयी सावध केले. दुसऱ्या खंडाच्या वर्षाने त्यांच्या हाती विश्लेषणाचे हत्यार अधिक धारदार करून दिले.

७

सोमवार, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक'चा पहिला अंक निघाला. पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होते. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. मराठी बाजू आगरकरांची. हा त्यांचा दुसरा पुनरारंभ.

पत्र काढण्यामागचा हेतू स्पष्ट करणाऱ्या आरंभीच्या लेखात आगरकरांनी आपली भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. त्यांच्या मते भारतीय समाज गतिशून्य झाला आहे. जुने मूळ न तोडता त्याला नवी पालवी फुटू देणे हाच टिकून राहण्याचा मार्ग आहे, आणि लोकांना अप्रिय असले तरी हितकर ते सांगितलेच पाहिजे. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा ठसा या भूमिकेवर आहे हे सर्वमान्य आहे. परंतु तिच्या मांडणीत जो ठामपणा आहे तो केवळ ग्रंथवाचनातून आलेला नाही. सहा वर्षे दुसऱ्यांच्या सोयीने बोलावे लागलेल्या माणसाचा तो ठामपणा आहे.

'सुधारक'मधील निबंधांची विषयव्याप्ती विस्तृत आहे. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' यासारख्या निबंधात ते दैनंदिन पोशाखाचा प्रश्न घेतात, 'सोवळ्याची मीमांसा'मध्ये घरातील आचाराचा, 'गुलामांचे राष्ट्र'मध्ये सामाजिक मनोवृत्तीचा, तर 'प्रियाराधन'मध्ये विवाहपूर्व परिचयाचा. घरातील पोशाखापासून राष्ट्राच्या मनोवृत्तीपर्यंत एकच कसोटी लावण्याची ही पद्धत त्या काळातील वाचकाला धक्कादायक वाटली. साप्ताहिकाच्या गतीने ती धार आणखी वाढविली. मोठा ग्रंथ वाचक बाजूला ठेवू शकतो. दर सोमवारी दारात येणाऱ्या पत्राला तसे टाळता येत नाही. आगरकरांनी ग्रंथाऐवजी नियतकालिकाचीच वाट पुन्हा धरली, यामागे हे भान असले पाहिजे.

येथे पुन्हा 'आम्ही'चा विचार करणे आवश्यक आहे. 'सुधारक'मध्येही आगरकर संपादकीय 'आम्ही'च वापरतात, पण त्याचा आशय बदललेला आहे. 'केसरी'तील 'आम्ही'मागे एक मंडळी होती. डोंगरीच्या वृत्तांतातील 'आम्ही'मध्ये दोन मित्र होते. 'सुधारक'मधील 'आम्ही' व्याकरणाने अनेकवचनी आणि जबाबदारीने एकवचनी आहे. त्याच वेळी ज्या समाजावर प्रहार करावयाचा त्याचाही समावेश आगरकर या सर्वनामात करतात. आमच्या चाली, आमची अज्ञाने, आमची अवनती असे म्हणताना ते स्वतःला बाहेर ठेवीत नाहीत. उपरोध करणारा लेखक बहुधा वाचकाहून उंच जागी उभा राहतो. आगरकर तसे उभे राहत नाहीत, याचे कारण डोंगरीत स्वतःला हसण्याचा जो सराव झाला त्यात शोधता येईल.

या पुनरारंभाची किंमत जबर होती. टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद दोन्ही पत्रांतून उघडपणे आणि कटुतेने चालला. १८९० च्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोघे परस्परविरोधी छावण्यांत उभे होते. पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावी लागली. तरीही सोमवारचा अंक चुकला नाही.

८

ऑगस्ट १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांचे निधन झाल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याच्या विकाराने त्यांचे शरीर पोखरले होते. तरीही अध्यापन, प्राचार्यपद आणि पत्रलेखन हे तिन्ही व्याप त्यांनी सांभाळले. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी स्वतःच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. आईला दिलेले वचन त्यांनी अक्षरशः पाळले होते. आयुष्यात त्यांनी पैसा साठविला नव्हता आणि मृत्यूनंतर कोणाचे देणेही ठेवले नाही.

टिळकांनाही पुढे तुरुंगात ग्रंथलेखन करावे लागले. मंडालेच्या बंदिवासात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या काळात सावरकरांचे 'माझी जन्मठेप', साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई', अशी बंदिवासाशी निगडित लेखनाची एक परंपराच मराठीत निर्माण झाली. या परंपरेत डोंगरीच्या लहानशा वृत्तांताची आठवण क्वचितच निघते. त्यात तत्त्वज्ञान नाही, यातनांचे विदारक चित्रण नाही, मातृप्रेमाची हळवी कथाही नाही. आहेत ते दोन तरुण शिक्षकांचे वाद, त्यांची फजिती आणि त्यांचा स्नेह.

या विवेचनावरून पुढील गोष्टी लक्षात येतात. १८८२ हे वर्ष आगरकरांच्या चरित्रातील केवळ एक रोमहर्षक प्रकरण नाही, तर त्यांच्या लेखनविषयक नीतीचे ते उगमस्थान आहे. त्या वर्षी त्यांनी गुरुस्थानी असलेला सहकारी गमावला, खोट्या पुराव्याची शिक्षा भोगली, आणि मित्राशी मतभेद असूनही एकत्र राहता येते हे अनुभवले. पहिल्या पुनरारंभात त्यांनी या अनुभवाचा तिसरा भाग टिकविण्याचा प्रयत्न केला. तो पाच वर्षे चालला आणि अयशस्वी झाला. दुसऱ्या पुनरारंभात त्यांनी मैत्रीचा आधार गमावला आणि स्वतःच्या नावाची जबाबदारी पत्करली. 'सुधारक'मधील गद्याची स्वच्छता, कारणांचा आग्रह आणि निर्भयता या गुणांची आपण वर्गात प्रशंसा करतो. त्या गुणांमागे हा तोटा उभा आहे, हे विद्यार्थ्यांपुढे येणे आवश्यक आहे.

म्हणूनच आगरकरांच्या निबंधांचे अध्यापन करताना डोंगरीचा वृत्तांत त्यांच्या आधी वाचला जावा, अशी सूचना करावीशी वाटते. 'सुधारक'चा करारी संपादक विद्यार्थ्यांना परिचित असतो. एका कोठडीत मित्राशी मोठमोठ्याने वाद घालणारा, पहारेकऱ्याची झोप उडविणारा सव्वीस वर्षांचा आगरकर त्यांना परिचित नसतो. त्या तरुणाला भेटल्यानंतर 'सुधारक'ची पाने वाचली, तर प्रत्येक वादाच्या पलीकडे एक अनुपस्थित श्रोता आहे हे जाणवू लागते. डोंगरीत सुरू झालेला संवाद आगरकरांनी अखेरपर्यंत थांबविला नव्हता. तो आता एका कोठडीत न चालता दोन वृत्तपत्रांतून चालला होता, एवढाच फरक होता.